उर्दू वाक्-श्रवणचाचणी

बोललेले शब्द ऐकवून उर्दूभाषक प्रौढांची श्रवणक्षमता मोजण्याची ही तपासणी आहे. सूर ऐकवून काढलेल्या ऑडिओग्रामवरून (श्रवणाच्या आलेखावरून) कानाला कोणता आवाज किती मोठा केल्यावर कळतो, एवढेच समजते. पण ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ ही कमी ऐकू येणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे आणि तिची खोली शब्दांनीच मापता येते.

आधी ओळखीचे दोन अवयवांचे (उच्चारखंडांचे, जसे ‘कि-ताब’) शब्द हळूहळू आवाज कमी करत ऐकवतात. निम्मे शब्द बरोबर परत म्हणता येतात ती पातळी म्हणजे वाक्-ग्रहणाचा उंबरठा. ऑडिओग्राममधल्या ५००, १००० व २००० हर्ट्झच्या सुरांच्या उंबरठ्यांच्या सरासरीशी तो साधारण १० डेसिबलच्या आत जुळावा. न जुळल्यास तपासणी पुन्हा करतात. मग उंबरठ्याच्या ३०-४० डेसिबल वर एकावयवी शब्द ऐकवून किती टक्के ओळखता आले ते पाहतात. आवाज आणखी वाढवल्यावर हे गुण उलट घसरले, तर श्रवण-चेतेत (कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत) दोष असल्याची शंका येते.

इंग्रजीत पहिल्या भागासाठी दोन्ही अवयवांवर सारखा जोर असलेले शब्द घेतात. उर्दूत ती सोय नाही. ‘किताब’, ‘मकान’ यांचा सारा भार शेवटच्या अवयवावर पडतो. त्यामुळे इंग्रजी यादीचे भाषांतर करून भागत नाही. उर्दूच्या बोलण्यातले शब्द निवडून, ते सारखेच सोपे-अवघड आहेत का हे चांगल्या कानांच्या माणसांवर तपासून यादी बांधावी लागते.

खरी कसोटी उच्चारांची आहे. पाकिस्तानात उर्दू मातृभाषा असलेले दहात एकही नाहीत. पंजाबी घरात वाढलेला माणूस ‘क़लम’ला (क़ म्हणजे घशातून उच्चारलेला क) सहज ‘कलम’ म्हणतो. दखनी उर्दू बोलणारा हैदराबादकर ‘ख़लम’ म्हणतो. दोघांनीही शब्द बरोबर ऐकलेला असतो. तपासणाऱ्याने तो चूक धरला, तर माणसाच्या बोलीचा दोष कानाच्या नावावर लागतो आणि श्रवणयंत्राचा निर्णयही बिघडू शकतो. उलट ‘क़रीब’ऐवजी ‘ग़रीब’ म्हटले, तर ती ऐकण्याची चूक असू शकते. हा फरक तपासणीच्या यंत्राला कळत नाही.

भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर उर्दूभाषक कामगार मोठ्या संख्येने आहेत. सततच्या गोंगाटाचा मारा बहुधा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांवर बसतो. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. ‘शाम’, ‘काम’, ‘थाम’ एकसारखे वाटू लागतात. शांत खोलीत अशा कामगाराला चांगले गुण मिळतात आणि चार माणसांच्या बोलण्यात मात्र तो हरवतो. त्याच्यासाठी पार्श्वभूमीला गलबला ठेवून वाक्ये ऐकवणारी चाचणी अधिक खरी ठरते.

शब्द ध्वनिमुद्रित असणे चांगले, कारण दर वेळी आवाज आणि उच्चार तेच राहतात. तरी हेडफोन लावण्याआधी तपासणाऱ्याने समोर बसून थोडे बोलून घ्यावे आणि हा माणूस क़, ख़, ग़ कसे उच्चारतो ते लिहून ठेवावे.