पार्श्वभूमी: विनोदी मालिकांमधला 'हॉल'

२०२१ मध्ये 'वागले की दुनिया' नव्या पिढीला घेऊन परतली आणि एकाच कुटुंबाची दोन घरं शेजारी ठेवून पाहायची सोय झाली. एक १९८८ मधल्या कारकुनाचं, दुसरं नावात 'हाइट्स' असलेल्या सोसायटीतलं. मध्यमवर्गाकडे पैसा आला, घर बदललं, असा अर्थ पटकन निघतो. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. मधल्या तेहतीस वर्षांत पडद्याचा आकार बदलला, कॅमेरा बदलला, दिवे बदलले. मालिकेतलं घर आधी या तिघांचं ऐकतं, मग त्या दशकाचं.

त्यामुळे विनोदी मालिकेच्या घरात काळ शोधायचा तर तो फरशीत, सनमायकात, भिंतीच्या रंगात आणि ओट्याच्या दगडात शोधावा. घराच्या नकाशात तो फारसा सापडत नाही. नकाशा चाळीस वर्षांत जेमतेम हलला आहे, कारण तो मुळात घराचा नाहीच, रंगमंचाचा आहे. दिवाणखानी नाटकाचं नेपथ्य आठवा: मध्यावर सोफा, एका अंगाला बाहेरचं दार, दुसऱ्या अंगाला आत जाणारा पडदा, मागे खिडकी. अमेरिकेत १९५१ पासून 'आय लव्ह लूसी'ने प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेरे लावून हीच मांडणी पक्की केली. आपल्याकडे ती नाटकातून थेट आली. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं. त्या दशकातल्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ'मध्ये घर होतं ते जुन्या पुण्याचं, त्यामुळे सत्तरच्या दशकाची सजावट त्यात शोधण्यात अर्थ नाही. शिवाय चित्रण कृष्णधवल. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले तर पडद्यावर दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळायचे, म्हणून रंग निवडताना तो किती गडद दिसेल एवढंच पाहिलं जाई.

आता 'हॉल' या शब्दाकडे थांबून पाहायला हवं, कारण सगळा घोळ तिथे आहे. वाड्यात ओटी, पडवी, माजघर असे. चाळीत 'बाहेरची खोली' आणि 'आतली खोली'. दिवाणखाना बंगल्यात असे, नाहीतर कादंबरीत. पुढे 'ब्लॉक' आले, १९६३ च्या कायद्याने ओनरशिप फ्लॅटच्या व्यवहाराला चौकट मिळाली, आणि जाहिरातींतून 'वन रूम किचन'च्या जोडीला 'बीएचके' हे अक्षरत्रिकूट घरात शिरलं. त्यातला 'एच' म्हणजे हॉल. ज्या शब्दाने आपण लग्नाचा हॉल म्हणतो, तोच शब्द दहा बाय चौदाच्या खोलीला लागला. गंमत म्हणजे मालिकांनी तो शब्दशः घेतला.

हिशेब करून पाहा. तीन आसनी सोफा साडेसहा फुटांचा. दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची आणि कोपऱ्यात टीपॉय धरला की तेरा-चौदा फूट गेले. बाहेरच्या दारातून आलेलं पात्र आत येऊन थांबायला चार फूट, आतल्या दाराकडे तितकेच. सोफ्यामागून कुणीतरी चोरपावलांनी जाणार, कारण विनोदी मालिकेत कुणीतरी जातंच, त्यासाठी आणखी तीन-चार फूट. पुढे पात्रांना मोकळी जागा आठ फूट. सोफ्याची खोली धरून असा बावीस बाय पंधराचा आकडा सहज येतो, म्हणजे तीनशे तीस चौरस फूट. एवढ्या कार्पेट एरियात मुंबईत अख्खा छोटा वन बीएचके बसतो. संवादात घर 'मिडल क्लास' असतं आणि नुसता हॉलच त्या घराएवढा.

यावर दोन मतं आहेत आणि वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, ही फसवणूक आहे. प्रेक्षकाला स्वतःचं घर अपुरं वाटायला लावणारी. नेपथ्य करणारे म्हणतात, दहा बाय चौदामध्ये तीन कॅमेरे उभे करून दाखवा. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मोजपट्टीवर टिकतं. पण त्यांच्याकडे एका गोष्टीचं उत्तर नाही. खऱ्या घरात सोफा भिंतीला टेकलेला असतो, कारण मधली जागा रात्री लागते. हॉल दहा वाजेपर्यंत बैठक आणि त्यानंतर शेजघर. सोफा-कम-बेड उघडतो, बॉक्स दिवाणातून गाद्या निघतात, फोल्डिंगची खाट दाराआडून बाहेर येते. मुंबईतल्या एका पिढीची गृहसजावट या एका गरजेभोवती रचलेली आहे, आणि मालिकेच्या हॉलमध्ये गादीची वळकटी जवळजवळ दिसत नाही. आकार वाढवल्याबद्दल माफी आहे, गाद्या लपवल्याबद्दल नाही.

टीव्हीचंही तसंच. ऐंशीच्या दशकात हॉलमधलं सगळं फर्निचर टीव्हीकडे तोंड करून बसलं. सरकत्या दारांचं लाकडी कॅबिनेट, वर भरतकामाचं आच्छादन, कडेला फ्लॉवरपॉट. पण सेटवर सोफ्यासमोर कॅमेरे असतात, म्हणजे टीव्हीची जागा नेमकी त्यांनी घेतलेली. मग तो कोपऱ्यात तिरका ठेवायचा, नाहीतर फक्त पाठ दाखवायची. त्या दशकाची सगळ्यात मोठी खरेदी त्या दशकाच्या मालिकांत अशी कडेला गेली.

रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं आणि दोन वर्षांनी 'ये जो है जिंदगी'. तेव्हाचे ट्यूबवाले व्हिडिओ कॅमेरे हट्टी होते. प्रखर पांढरं दिसलं की जळायचं, चकाकत्या वस्तूमागे शेपटी उमटायची, भडक लाल कडेबाहेर सांडायचा, बारीक चौकडीच्या पडद्यावर इंद्रधनुषी झिलमिल उठायची. म्हणून भिंती पिस्ता, क्रीम, फिका आकाशी. खऱ्या घरांतही ऑइल बाउंड डिस्टेंपर याच रंगांत लागत होता, त्यामुळे पडदा आणि घर एकमेकांसारखे दिसले. दोघांची कारणं मात्र निरनिराळी. घरात डिस्टेंपर परवडायचा म्हणून, सेटवर तो चमकत नाही म्हणून. ऑइलपेंटची भिंत दोन हजार वॅटच्या दिव्याखाली आरशासारखी वागते.

चमक हा सेटवरचा कायमचा शत्रू. १९ मिमी प्लायवर एक मिमीचा चकचकीत सनमायका ही ऐंशी-नव्वदची सार्वत्रिक निवड, आणि नेमका तोच कॅमेऱ्याला खुपतो. त्यावर ठरलेले उपाय आहेत. पृष्ठभागावर चमक घालवणारा फवारा, तो नसेल तर साबणाचा हात. फोटोच्या फ्रेमची वरची कड पाचर मारून थोडी पुढे झुकवायची, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब खाली जातं. शोकेसच्या काचा तर काढूनच ठेवतात. जुना भाग पाहताना शोकेसमधल्या बाहुल्या आणि कपबशा फारच स्वच्छ दिसल्या तर मध्ये काच नाही असं समजावं. सेटचं सुतारकाम काही महिन्यांच्या हिशेबाने होतं, म्हणून सनमायका एकाच बाजूने लावतात. मालिका चालली आणि दोन पावसाळे गेले की दारं धनुष्यासारखी वाकतात, कारण मागच्या बाजूला तोल सांभाळणारा थर नसतो. कपाटाचं दार अर्धवट उघडं राहण्याचे काही विनोद यातूनच आले असतील तर नवल नाही.

फरशीचा पुरावा सगळ्यात पक्का. दहा इंची मोझॅक दिसली की सत्तर-ऐंशीच्या दशकातली इमारत. नव्वदमध्ये पैसेवाल्यांकडे संगमरवर, दोन हजारनंतर दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल. सेटवर यातलं काहीच खरं नसतं. प्लायवर रंगवलेलं किंवा लिनोलियमवर छापलेलं असतं. ओळखायची खूण म्हणजे स्कर्टिंग. खऱ्या मोझॅकला भिंतीच्या पायाशी चार-सहा इंचांची गडद पट्टी असते. सेटच्या भिंतीला बहुधा ती नसते, कारण ती भिंत कॅमेऱ्यासाठी उचलून बाजूला न्यायची असते. (लाकडी चौकटीवर प्लाय ठोकलेल्या त्या भिंतीला 'फ्लॅट'च म्हणतात. मुंबईत फ्लॅट उचलून बाजूला ठेवता येणारी तेवढी एकच जागा.)

नव्वदच्या दशकाबद्दल थोडक्यात. 'देख भाई देख' १९९३ मध्ये आलं, त्यात तीन पिढ्या एका बंगल्यात. 'हम पाँच'मध्ये दिवंगत पहिली बायको भिंतीवरच्या फोटोतून बोलायची. खऱ्या हॉलमध्ये हार घातलेला फोटो होताच, मालिकेने त्याला संवाद दिले. असं दृश्य करायचं तर भिंतीला फ्रेमच्या मापाचं भोक पाडून मागे माणूस बसवायचा, किंवा त्याचं वेगळं चित्रण करून ते फ्रेमच्या चौकोनात बसवायचं. पहिल्या पद्धतीत नजरेची उंची चुकली की फोटो समोरच्या पात्राच्या डोक्यावरून बोलतो. त्याच काळात खऱ्या घरांत लाकडी खिडक्या जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या आल्या, कडाप्प्याच्या ओट्याजागी ग्रॅनाइट आणि वर फळांच्या टोपलीची चित्रं असलेल्या टाइल. स्वयंपाकघर बहुतेक पडद्याआडच असल्याने हा सगळा बदल मालिकांत उशिरा उतरला.

सजावटच संवादाचा विषय झाली ती २००४ मध्ये, 'साराभाई व्हर्सेस साराभाई'त. कफ परेडमध्ये समोरासमोर दोन फ्लॅट, एकात अभिरुची, दुसऱ्यात पसारा, आणि 'मिडल क्लास' हा शब्द शिवीसारखा. त्याआधी २००१ मधल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त आणि २००२ मधल्या 'खिचडी'त घर हे कुटुंबाचं होतं. इथे ते सासू माया आणि सून मोनिशा यांच्या आवडीनिवडीचं रणांगण झालं. मोनिशाचा पसारा सेटवाल्यांना सोयीचा असतो हे मात्र कुणी सांगत नाही. मोकळ्या फिक्या भिंतीवर माइकच्या काठीची सावली लगेच दिसते. कॅलेंडर, तोरण, फ्रेम, शोकेस यांच्या गर्दीत ती हरवते. म्हणजे मायाच्या घराची प्रकाशयोजना जास्त वेळखाऊ. 'साधं' दिसणारं घर पडद्यावर महाग पडतं. आणि जी मोझॅक तेव्हा पैसेवाली माणसं उखडून फेकत होती, तीच आता टेराझो या नावाने निवडून बसवली जाते.

दोन हजारच्या दशकाची खरी ओळख होती पीओपीचं फॉल्स सीलिंग: नऊ-साडेनऊ फुटांच्या छतातून सहा इंच खाऊन केलेली खाच, आत लपवलेली ट्यूब, मध्ये झुंबर. मालिकांत हे दिसलं नाही म्हटलं तरी चालेल, कारण सेटला छतच नसतं. वर दिवे टांगलेले असतात. फार तर कोपऱ्यात छताचा एक तुकडा लावतात आणि कॅमेरा तेवढाच दाखवतो. पंखा पाइपाला लटकतो आणि बहुधा फिरत नाही, कारण त्याची घरघर माइकमध्ये जाते. मे महिन्यातही या घरांत कुणाला उकडत नाही ते यामुळे.

'तारक मेहता का उल्टा चश्मा' २००८ पासून चालू आहे आणि तिथून सजावटीचा रोख बदलला. एका सोसायटीत गुजराती, मराठी, तमिळ, पंजाबी घरं ठेवायची तर भिंतीने काळ सांगण्याऐवजी प्रांत सांगायला हवा. भिड्यांचं घर एका नजरेत भिड्यांचं आणि अय्यरांचं अय्यरांचं. दीड दशकाहून जास्त चाललेल्या मालिकेत हे सोयीचंही असतं. हातातले फोन बदलतात, भिंतीला बदलावं लागत नाही.

पुढचा मोठा फरक पडद्याच्या आकाराने केला. जुनी चौकट ४:३ ची, जवळजवळ चौकोनी. तिला उंची हवी असे, म्हणून भिंतीवर वरपर्यंत फ्रेम, घड्याळ, कॅलेंडर. १६:९ आली आणि वरचं सगळं कापलं गेलं. आता रुंदी भरायची होती. एल आकाराचा सोफा, भिंतभर आडवं पॅनलिंग, त्यात एलईडीची पट्टी. हा सोफा बाजारातही त्याच सुमारास पसरला, त्यामुळे कोण कोणाकडे पाहून शिकलं ते सांगणं कठीण. पट्टीने मात्र नवा त्रास दिला. स्वस्त एलईडी लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकतात. शटर प्रकाशाच्या लयीशी जुळवावं लागतं, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाला. तरी पट्टे राहिले तर पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर बदलतात.

रुंद चौकटीने भरलेली दुसरी गोष्ट म्हणजे उघडं स्वयंपाकघर. मधली भिंत गेली, ओट्याची बेटासारखी मांडणी आली, आणि सोफ्यावरचं भांडण भाजी चिरता चिरता करता येऊ लागलं. वन बीएचकेत फोडणीचा ठसका हॉलभर पसरतो म्हणून लोक भिंत पाडायला बिचकतात; सेटवर फोडणी पडतच नाही. फ्रिज मात्र परत चौकटीत आला. ऐंशीच्या दशकात १६५ लिटरचा एक दारी फ्रिज स्वयंपाकघरात मावत नाही म्हणून आणि पाहुण्यांना दिसावा म्हणूनही हॉलमध्ये असे. मग तो आत गेला, आता दोन दारी होऊन पुन्हा सोफ्याच्या रेषेत उभा आहे. चित्रण चालू असताना त्याची पिन काढलेली असते, कारण कॉम्प्रेसरचा आवाज येतो.