अभ्यासिका बंद असली तरी सोबतीचा फोन येतो
(पालक आणि विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक)

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या अभ्यासिकेत जागा घेतली की खुर्ची-टेबल, लॉकर आणि वायफाय मिळतं. त्याच फीत एक सोबतीही मिळतो. तो कोण आणि शिकवत नाही तर करतो काय, हे पालक दरवेळी विचारतात, म्हणून हे पत्रक.

ही पद्धत कोरोनात सुरू झाली. मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं तेव्हा दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा राहिला होता. पुढे तो रद्दच झाला. ५ एप्रिलला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. पेपर अवघड असला तर मुलं जास्त अभ्यास करतात, पण पेपरला तारीखच नसेल तर कशासाठी बसायचं तेच कळेनासं होतं. पहाटे तीनपर्यंत मोबाईल, दुपारी बाराला उठणं, जेवणावरून घरात भांडण आणि 'आता वाचून काय उपयोग', हेच फोनवर ऐकू यायचं.

सोबती म्हणजे पूर्वी इथेच बसून अभ्यास केलेला, वयाने थोडा मोठा दादा किंवा ताई. मुलींना ताईच. एकाकडे पाचपेक्षा जास्त मुलं देत नाही. एरवी आठवड्यातून एकदा चहाच्या सुट्टीत गाठ पडते; साथीमुळे किंवा पुरामुळे बंद ठेवावं लागलं, तर दिवसाआड फोन, दहा-पंधरा मिनिटांचा, ठरलेल्या वेळी. वेळेबाबत आम्ही हट्टी आहोत. सकाळी आठला फोन येणार हे माहीत असलं की मूल त्याआधी उठून तोंड तरी धुतं. घड्याळ विस्कटलेल्या मुलाला लवकर झोपायला सांगून उपयोग होत नाही, झोप हुकमाने येत नाही. उठायची वेळ धरून ठेवायची, सकाळी गच्चीवर किंवा अंगणात उन्हात थोडं फिरायचं, मग काही दिवसांत रात्रीची झोप हळूहळू जागेवर येते. म्हणून सोबतीचा पहिला प्रश्न 'कितीला उठलास?' हाच असतो. दुसरा जेवणाचा, तिसरा मित्रांचा. अभ्यास शेवटी, आणि तोही फक्त उद्याचा.

फोन साधाच करतो, व्हिडिओ कॉल नाही. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि जत-आटपाडीकडच्या वाड्यांवर रेंजचा भरवसा नसतो. खानापूर-विट्याकडच्या काही मुलांचे आईवडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यासाठी परराज्यात असतात, मूल आजीजवळ. तिथे सोबती आधी आजीशी दोन शब्द बोलतो. मूल जेवलं का, हे तिच्याइतकं खरं कोणी सांगत नाही. जुलै २०२१ मध्ये कोरोना असतानाच कृष्णेला पूर आला, तेव्हा अभ्यासाचा विषयच काढला नाही. कुठे आहात, औषधं आहेत का, वह्या-पुस्तकं वर ठेवलीत का, एवढंच विचारलं.

आता पालकांना जरा स्पष्टच सांगतो. सोबती तुमचा हेर नाही. मुलाने काय सांगितलं ते विचारू नका, आम्ही सांगणार नाही. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर फोन कधी येतो-जातो ते तुम्हाला माहीत असेल; अभ्यासिकेबाहेर सोबती मुलाला एकट्याने भेटत नाही. मात्र मुलाच्या जिवाला धोका वाटला किंवा कोणी त्याला त्रास देतंय असं कळलं, तर गुपित ठेवत नाही. हे मुलालाही पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं.

सोबती डॉक्टर नाही आणि समुपदेशकही नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, मूल मित्रांचे फोन उचलेना, तर वाट पाहू नका. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं मूल बोललं, तर विषय बदलू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. 'हो' म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

साथीत घरातलं माणूस गेलं असेल तर सोबती स्वतःहून अभ्यासाचं नाव काढत नाही, मूल काढेपर्यंत. आई किंवा वडील गमावलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो. कागदपत्रं लावायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे नाहीत.

अभ्यासिका बंद असलेल्या महिन्याची जागेची फी घेत नाही. फोन मात्र चालूच राहतात. सोबत्यांचं मानधन आम्ही देतो.

प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला फोनसाठी सोयीची वेळ लिहा, आणि ती मुलानेच लिहावी. सोबती बदलून हवा असेल तर काउंटरवर नुसतं सांगा, कारण विचारणार नाही.