१,४०० किलोमीटर जास्त, तरी दीड तास कमी

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची दिशाच फिरवली. तोवर ते पश्चिमेला, अटलांटिक ओलांडून जायचं: सुमारे १३,९०० किलोमीटर, सोळा तासांच्या आसपास. आता ते पूर्वेला निघालं, पॅसिफिकवरून. अंतर १५,३०० किलोमीटर झालं आणि प्रवास साडेचौदा तासांत संपला.

इंटरनेटवर अंतर विचारलं तर यातला एकही आकडा मिळत नाही. तिथे १२,४०० च्या जवळपासचं उत्तर येतं, कारण ते पृथ्वीच्या गोलावरचं कमीत कमी अंतर असतं. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो तिबेटच्या पठारावरून सायबेरियात चढतो आणि आर्क्टिक महासागराला शिवून अमेरिकेत उतरतो. पण विमान दोऱ्यावरून जात नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटपट तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटची जमीनच साडेचार किलोमीटर उंच! शिवाय कोणत्या देशाचं आकाश कधी बंद होईल, याचा नेम नाही.

तरी खरा खेळ वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. १९२० च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल त्यांनी हौसेने एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला, त्यामुळे बाहेरच्या जगात तो फारसा कुणी वाचलाच नाही.

प्रवाहाला लागलेल्या होडीसारखं विमान या हवेबरोबर वाहत जातं. हवेच्या तुलनेत त्याचा वेग ताशी ९०० च राहतो. जमिनीवरून मोजला तर त्यात वाऱ्याचा वेग मिळतो. १५,३०० किलोमीटरला साडेचौदा तास म्हणजे सरासरी ताशी १,०५५! वारा नसता तर हेच अंतर कापायला सतरा तास लागले असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या विमानाने पेनसिल्व्हेनियावर ताशी १,२८९ किलोमीटर गाठले. तेवढ्या उंचीवर ध्वनीचा वेग याहून कमी असतो, पण ध्वनीचा वेग ओलांडल्यावर होतो तो स्वनातीत धमाका वगैरे काही झाला नाही. भोवतालची हवाही सोबतच धावत होती ना!

उन्हाळ्यात हे झोत मंदावतात आणि उत्तरेला सरकतात. म्हणून लांब पल्ल्याच्या विमानाचा मार्ग दर उड्डाणाआधी वाऱ्याचा अंदाज पाहून नव्याने आखला जातो, आणि एकाच विमानाची हिवाळ्या-उन्हाळ्यातली वेळापत्रकं वेगळी असू शकतात. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं आणि रांगेत थांबणंही धरलेलं असतं.