पट्टेरी शिंगाळा

पट्टेरी शिंगाळा : प्रवाळ व उथळ खडकाळ पाण्यात राहणारा विषारी काट्यांचा मासा. शास्त्रीय नाव प्लोटोसस लिनिएटस, कुल प्लोटोसिडी. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ थुनबर्ग याने १७८७ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधील समोआपर्यंत त्याचा वावर असून सुएझ कालव्यातून तो भूमध्य समुद्रातही शिरला आहे. कोकणात मालवणसारख्या खडकाळ किनाऱ्याचे पाणी त्याला मानवते. बाजारातल्या मोठ्या शिंगाळ्याचा हा लांबचा भाऊबंद.

अंग काळपट तपकिरी, त्यावर तोंडापासून मागे गेलेले पांढुरके-पिवळे पट्टे. ओठांभोवती मिशांच्या चार जोड्या; वाळू उकरून किडे-कोळंबी शोधायला त्याच उपयोगी पडतात. पाठीचा मागचा पर, शेपटी आणि पोटाकडचा पर एकमेकांना जोडलेले असल्याने मागचा भाग वामेसारखा निमुळता दिसतो. लांबी जास्तीत जास्त ३२ सेंमी.

पिल्ले शंभराच्या आसपास एकत्र येऊन दाट गोळा बनवतात. खालची वाळूत तोंड खुपसतात, मागची त्यांच्यावरून पुढे येतात, त्यामुळे काळा चेंडू तळावरून गडगडत चालल्यासारखा वाटतो. मोठे मासे दिवसा कपारीत दडून रात्री बाहेर पडतात. अंड्यांची राखण नर करतो.

विष तीन काट्यांत असते : पाठीवर एक आणि कल्ल्यांमागच्या परांत एकेक. काटे करवतीसारखे दातेरी असून मासा दचकला की ताठ उभे राहून अडकतात. सापाच्या दातासारखी त्यांना नळी नसते. काट्यावरची पातळ कातडी टोचताना फाटते आणि विष जखमेत उतरते. मासा मेला म्हणून काटा निरुपद्रवी होत नाही. रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायचे) जाळे वाळूवर आल्यावर बारीक मासळी निवडताना हात बेसावध असतो, आणि गफलत तिथेच होते. ठणका क्षणात हातभर चढतो, सूज येते. मृत्यू मात्र क्वचितच.

हे विष उष्णतेने निकामी होते. म्हणून टोचलेला भाग सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवतात. पाणी दुसऱ्या हाताने तपासावे. ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिल्यास जखम चिघळते, त्यामुळे डॉक्टरकडून तो काढून घेणे आणि धनुर्वाताची लस घेणे आवश्यक असते.