अडवणूक आणि अडचण: जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवताना

'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही.' स्क्रीनवर हे वाक्य आलं की काही जण हात टेकतात आणि नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला लागतात. उरलेले यूट्यूबवर सापडेल तो पहिला जुगाड करून बघतात. फसायची शक्यता दोघांनाही सारखीच, कारण त्या 'शकत नाही'मागे दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी मशीनला विंडोज ११ आरामात पेलवतं, पण मायक्रोसॉफ्ट चढवू देत नाही. ही अडवणूक. कधी मशीनला ते खरंच पेलवत नाही, कारण प्रोसेसरमध्ये लागणारी वस्तूच नाही. ही अडचण. अडवणुकीला वळसा घालता येतो. अडचणीपुढे जुगाड चालत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हा गोंधळ विंडोज ११ इतकाच जुना आहे. जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं आणि सोबत पीसी हेल्थ चेक नावाचं तपासणी ॲप दिलं. ते नुसतं 'चालणार नाही' म्हणायचं, का ते सांगायचंच नाही. इतकी ओरड झाली की काही दिवसांतच ॲप मागे घ्यावं लागलं. सप्टेंबरमध्ये ते कारणं दाखवत परत आलं. पण कारणांची यादी मिळाली तरी त्यातलं कुठलं नियमातून आलंय आणि कुठलं सिलिकॉनमधून, हे आपलं आपल्यालाच ओळखावं लागतं.

नियमातली सगळ्यात मोठी भिंत प्रोसेसरच्या यादीची. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा पुढची. म्हणजे जुन्या बाजारात सर्रास मिळणारे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप एका फटक्यात बाहेर. कारण सुरक्षेचं सांगितलं गेलं, आणि ते अगदीच पोकळ नाही. विंडोजमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण आहे. प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय नसेल तर ते काम सॉफ्टवेअरने ओढावं लागतं आणि मशीन मंदावतं. मायक्रोसॉफ्टचीच कागदपत्रं सांगतात की ही सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ या प्रोसेसर-रचनेपासून आहे. आता रेघ कुठे ओढली ते बघा. सोय असलेली सातवी पिढी बाहेर आणि झेन २ च्या आधीची रायझन २००० मालिका आत! सातव्या पिढीतले मोजकेच प्रोसेसर नंतर आत घेतले, आणि त्यातला एक कोअर आय७-७८२०एचक्यू, जो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. ज्याचा वशिला त्याला प्रवेश, असं कुणी म्हटलं तर मी तरी वाद घालणार नाही.

मायक्रोसॉफ्टची बाजूही सांगायला हवी. चाचणीच्या काळात अटींत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल पातळीवरचे (विंडोजच्या गाभ्यातले) क्रॅश ५२ टक्के जास्त दिसले, असं त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. आकडा दचकवणारा आहे, पण तो सगळ्या जुन्या मशीनना मिळून आहे. त्यावरून तुमच्या टेबलावरच्या मशीनचं भविष्य कळत नाही.

अडचण म्हणजे काय, याचं चोख उदाहरण पॉपकाउंट. प्रोसेसरची ही एक छोटीशी सूचना. एखादी संख्या बायनरीत लिहिली तर त्यात १ किती वेळा येतो, एवढंच ती मोजते. १३ म्हणजे बायनरीत ११०१, उत्तर ३. इतकं साधं काम, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ही सूचना आणि तिच्या सोबतचा एसएसई ४.२ हा सूचनासंच प्रोसेसरमध्ये आहेच असं गृहीत धरतं. इंटेलमध्ये या दोन्ही गोष्टी २००८ च्या नेहेलमपासून, म्हणजे पहिल्या कोअर आय मालिकेपासून आहेत. त्याआधीच्या कोअर २ ड्युओ आणि कोअर २ क्वाडमध्ये नाहीत. एएमडीच्या फेनम या जुन्या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आहे, पण एसएसई ४.२ नाही, ते २०११ च्या बुलडोझर प्रोसेसरबरोबर आलं. विंडोजने ती सूचना दिली आणि प्रोसेसरला ती ठाऊकच नसली की पुढे काही घडत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, काहीही लिहा, चिपवर नवे ट्रान्झिस्टर उगवत नाहीत.

म्हणूनच 'माझ्या मित्राच्या कोअर २ ड्युओवर विंडोज ११ मस्त चालतं, माझ्याच का नाही?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आवृत्तीत असतं. २०२१ ते २०२३ च्या आवृत्त्यांत कोअर २ ड्युओची फक्त अडवणूक होती. ती चुकवून लोकांनी विंडोज चढवलं आणि ते खरोखर चाललं. २४एच२ मध्ये त्याच मशीनला अडचण आली. मशीन तेच, व्हिडिओतला जुगाड तोच, मधल्या काळात विंडोजच बदललं.

समोर आलेलं दोन्हींपैकी काय, हे मी मशीन कधी आणि कसं थांबलं यावरून ओळखतो. अडवणूक बोलकी असते. ती दारातच, फाइल कॉपी व्हायच्या आधी, स्वच्छ वाक्यात सांगते आणि तुमच्या जुन्या विंडोजला धक्काही लावत नाही. अडचण मुकी. सेटअप सगळा होतो, टक्केवारी चढते, रीस्टार्ट होतं आणि मग लोगोवर गाडी अडकते किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहते. एरर कोडही हेच सांगतात. ०एक्स-सी१९००२०० आला तर मशीन किमान अटींत बसत नाही, म्हणजे नियम आडवा आला. ०एक्स-सी१९००१०१ ने सुरू होणारी मालिका बहुतेकदा ड्रायव्हरची असते. तिथे टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) चुकवायचे उपाय करत बसणं म्हणजे ताप आलाय म्हणून चष्मा बदलण्यासारखं. जोडलेले प्रिंटर, जादा यूएसबी, तिसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस काढा, ग्राफिक्स आणि डिस्कचे ड्रायव्हर अद्ययावत करा, मग परत बघा.

प्रोसेसरची कुवत आधीच तपासायची तर सीपीयू-झेड हे मोफत ॲप पुरे. त्यात 'इन्स्ट्रक्शन्स'च्या ओळीत एसएसई ४.२ दिसलं की इंटेलच्या बाबतीत पॉपकाउंटही आहे असं समजा.

आता खरी गंमत. अडचण वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी ना अडचण असतात ना अडवणूक; नुसतं बटण बंद असतं. टीपीएम हे त्याचं ठळक उदाहरण. 'टीपीएम २.० सापडलं नाही' हे वाचून लोक मदरबोर्डवर बसवायची वेगळी चिप शोधत फिरतात. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या बहुतेक मशीनमध्ये ते फर्मवेअरमध्येच असतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, इंटेलकडे त्याचं नाव पीटीटी, एएमडीकडे एफटीपीएम. घरी जोडलेल्या कितीतरी मशीनवर ते बंद असतं. रनमध्ये (विंडोज की आणि आर एकत्र दाबून) टीपीएम डॉट एमएससी टाइप केलं की आहे-नाही आणि आवृत्ती १.२ की २.० हे लगेच दिसतं.

सिक्युअर बूटचंही (मशीन सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) तसंच. मूळ अट 'चालू हवं' अशी नाही, 'चालू करता यावं' अशी आहे. त्यासाठी मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट होणारं हवं. रनमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करून 'बायोस मोड' बघा. तिथे 'लेगसी' असेल तर डिस्क बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. विंडोज १० मध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून देतं. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर मात्र ते नकार देतं, कारण त्याला एकाची जागा मोकळी लागते. अनेक जण डिस्कची पद्धत न बदलताच बायोसमध्ये लेगसीचं यूईएफआय करतात आणि मग 'बूट डिव्हाइस सापडत नाही' बघून घाबरतात. सेटिंग पूर्ववत करा, जुनं विंडोज जसंच्या तसं उघडेल.

इथे एक खरी अडचण मात्र लपलेली आहे, आणि तिने माझा एक रविवार खाल्ला. सिक्युअर बूटसाठी सीएसएम, म्हणजे जुन्या लेगसी पद्धतीला सांभाळून घेणारी बायोसमधली सोय, बंद करावं लागतं. जुनं ग्राफिक्स कार्ड यूईएफआयच्या आधीच्या काळातलं असेल तर सीएसएम बंद होताच स्क्रीन काळी. बायोसही दिसत नाही, मग परत चालू करणार कुठून? उपाय दोन: मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, किंवा मदरबोर्डवरून सीएमओएस रीसेट करा, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतो. मी दुसरा केला, आणि तोवर घरात सगळ्यांना 'कॉम्प्युटर गेला' असं सांगून मोकळा झालो होतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ४८ आकडे आहेत, कंटाळा करू नका.

३२ बिटचा घोळही याच जातीचा. विंडोज ११ ला ३२ बिट आवृत्तीच नाही. पण ३२ बिट विंडोज १० चालतंय म्हणून प्रोसेसर ३२ बिटचा, असा निष्कर्ष काढू नका; कितीतरी मशीनवर ६४ बिट प्रोसेसर असून ३२ बिट विंडोज घातलेलं असतं. अशा ठिकाणी वरच्यावर अपग्रेड होत नाही, पण डेटा बाजूला काढून कोरं इन्स्टॉल होतं.

निव्वळ अडवणूकच आहे अशी खात्री झाली की वळसे दोन. टीपीएम निदान १.२ तरी असेल तर रजिस्ट्रीतल्या एमओसेटअप या जागी एक नोंद करून चालू विंडोजवरूनच अपग्रेड करता येतं. हा उपाय मायक्रोसॉफ्टनेच २०२१ मध्ये आपल्या मदतपानावर दिला होता. दुसरा वळसा रुफस. हे मोफत ॲप विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम, सिक्युअर बूट आणि ४ जीबी रॅमच्या अटी काढून टाकू का, असं विचारतं. लोक इथे हमखास चुकतात. पेन ड्राइव्ह बनवतात आणि मग विंडोज १० च्या आतूनच सेटअपवर डबल क्लिक करतात. रुफसच्या जुन्या आवृत्तीत अटी गळतात त्या पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर. आतून चालवलं की वॉचमन परत दारात उभा. आतून अपग्रेड करायचं तर रुफस ४.६ किंवा पुढचं घ्या. काहीही करण्याआधी बॅकअप घ्या, हे सांगायला नको, पण सांगतोच.

वळसा घालून आत गेलेल्या मशीनचं पुढे काय होतं? मायक्रोसॉफ्ट म्हणतं की अशा मशीनचा अपडेटवर हक्क नाही. प्रत्यक्षात दर महिन्याचे सुरक्षा अपडेट आजवर येत आले आहेत. वर्षाकाठची मोठी आवृत्ती मात्र आपसूक येत नाही. दरवेळी तोच वळसा नव्याने घालावा लागतो. न घातल्यास वापरात असलेल्या आवृत्तीची मुदत संपते. होम आणि प्रोसाठी २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली. म्हणजे कोअर २ ड्युओवर जे चाललं होतं, तेही आता मुदतबाह्य.

अटींच्या यादीत एका गोष्टीचा उल्लेखच नाही: डिस्क कुठल्या प्रकारची हवी. जागा ६४ जीबी हवी, इतकंच लिहिलंय. फिरत्या डिस्कवर विंडोज ११ कसलीही कुरकुर न करता चढतं आणि मग चहा करून आलात तरी डेस्कटॉप उघडत नाही. सहाव्या पिढीचा नाकारलेला लॅपटॉप, ८ जीबी रॅम आणि साधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) ही जोडी, मान्यताप्राप्त आठव्या पिढीच्या फिरत्या डिस्कवाल्या लॅपटॉपला रोजच्या वापरात मागे टाकते. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितलंय.

ज्यांची अडचण खरी आहे, त्यांच्यासाठी रस्ते वेगळे. विंडोज १० चं मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. ही मुदत संपल्यावर बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करू नका. इंटरनेट, ईमेल आणि पत्रलेखन इतकंच काम असेल तर लिनक्स मिंट लावा. ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. माझ्या कोअर २ ड्युओवर आता तेच आहे, आणि आई त्यावर फळाफुलांचे फोटो बघत बसते. तिला अजून कळलेलं नाही की विंडोज गेलं.