दाखल्यावरचा धर्म: १९५० च्या आदेशाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांची गोष्ट जालन्यापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकात, मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मण पाळकाने निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० साली झाला होता, पण तो कंपनी सरकारच्या मुलखापुरता. शिवाय महार-मांग कुटुंबांकडे वारशाने येणारे होते तरी काय? त्यांचे पोट बलुत्यावर चाले, आणि देवळापुढे वाजवायला नकार दिला की तेच धोक्यात येई.

खरा पेच १९५० चा. जानेवारीत संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. ऑगस्टमध्ये अनुसूचित जातींचा आदेश, म्हणजे आरक्षण आणि सवलतींसाठी पात्र जातींची यादी, निघाला आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्यांना यादीतून वगळले. अपवाद होता तो काही शीख जातींचा. १९५६ साली सर्व शिखांना आणि १९९० साली बौद्धांना यादीत घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असे समर्थन केले जाते. धर्मग्रंथात नाही हे खरे, पण गावात आहे, आणि चर्चच्या बाकांवरही आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतरानंतरही हाल तितकेच तीव्र राहतात याचा पुरावा मागितला. २०१५ साली त्याच न्यायालयाने, समाजाने स्वीकारले तर परत हिंदू झालेल्याला जात परत मिळते, असे ठरवले. म्हणजे विवेकाने एका दिशेला पाऊल टाकले तर सवलत जाते, उलट दिशेला टाकले तर येते.

म्हणून कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि रविवारी चर्च, असे चालते. काही पाळक याला खोटी साक्ष म्हणतात. शिष्य होण्याआधी खर्चाचा हिशेब कर, असे येशूनेच सांगितले होते, याची ते आठवण देतात. पण तो हिशेब ज्याचा त्याने करायचा असतो. सरकारने त्यात भर घालावी असे शुभवर्तमानात कुठेही नाही. आईबापांच्या श्रद्धेपायी मुलीची वसतिगृहातली जागा जावी, हा कुठला न्याय?

२००७ साली एका सरकारी आयोगाने आदेशातली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती तशीच पडून राहिली. २०२२ साली दुसरा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ख्रिस्ती आचरण चालू ठेवून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाची फसवणूक ठरवली. त्या दिवसापासून दाखल्यावरचा तो शब्द आणखी जोखमीचा झाला.