सरव्याची घंटा: सफोकच्या एका खेड्याच्या आठवणी

इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक परगण्यात, ब्लॅक्सहॉल नावाचं छोटं खेडं आहे. जॉर्ज इवार्ट इव्हान्स हे मूळचे वेल्सचे लेखक १९४८ साली तिथे राहायला आले. त्यांची पत्नी गावच्या शाळेत शिकवायची. शेजारपाजारची म्हातारी माणसं जन्मभर शेतमजुरी केलेली किंवा मेंढरं राखलेली. घोड्यांचा नांगर त्यांनी स्वतः हाकलेला, आणि डोळ्यांदेखत ट्रॅक्टर आलेला. इव्हान्सनी त्यांना विचारलं ते रोजच्या कामाचं: गवत कसं कापायचं, पाव कसा भाजायचा. त्यातून १९५६ मध्ये त्यांचं या आठवणींचं पहिलं पुस्तक निघालं. पुढे ते टेपरेकॉर्डर घेऊन हिंडले.

या पट्ट्यातल्या आठवणींत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सरवा. गव्हाची कापणी झाली की बायका-पोरं रानात सांडलेल्या ओंब्या वेचत. पण शेतात एक पेंढी उभी ठेवलेली असेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. तिला ‘पोलीस’ म्हणत. ती उचलली की रान मोकळं. कित्येक गावांत त्यासाठी सकाळी चर्चची घंटा वाजे आणि सगळ्या एकदम सुरुवात करत, म्हणजे लेकुरवाळीचा आणि म्हातारीचा वाटा बुडत नसे. वेचलेला गहू गिरणीत दळून आणायचा. विटांच्या भट्टीत आधी काटक्यांच्या मोळ्या जाळायच्या, विटा चांगल्या तापल्या की निखारे बाहेर ओढायचे, मग पाव आत. एकदा भट्टी लावली की आठवडाभराची सोय.

कायद्याने मात्र या बायकांना साथ दिली नाही. सफोकमधल्याच टिमवर्थ गावच्या मेरी हॉटनवर सरवा वेचल्याबद्दल दावा लागला, आणि १७८८ मध्ये न्यायाधीशांनी बहुमताने ठरवलं की असा हक्क कोणालाच नाही. चारांपैकी एकाच न्यायाधीशाने तिची बाजू घेतली. तरी गावोगाव रीत चालू राहिली आणि घंटा पुढे शंभरावर वर्षं वाजत राहिली. गरिबाच्या घरात हिवाळ्याचं पीठ त्यावरच येत होतं, ते कोण सोडणार? १८७० च्या कायद्याने खेडोपाडी शाळा वाढल्या, तरी सुगीत वर्ग ओस पडत. मास्तर हजेरीत तशी नोंद करत.

ती रीत मोडली कोर्टाने नव्हे, यंत्राने. कापणी-मळणी एकत्र करणारं कम्बाइन आलं, पेंढ्याच उरल्या नाहीत, आणि पाव बेकरीच्या गाडीवरून दारात येऊ लागला. इव्हान्सनी जमवलेल्या त्या पिढीच्या आवाजाच्या टेप आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.